घरातला माणूस का पितो ते कसं शोधायचं, आणि सापडल्यावर काय करायचं

बायकोमुळे पितो. साहेबामुळे पितो. शेतीत काही राहिलं नाही म्हणून पितो, वडील गेले तेव्हापासून पितो, मित्र वाईट लागले म्हणून पितो. पिणाऱ्या माणसाच्या घरच्यांशी बोलायला बसलं की यातलं एखादं वाक्य येतंच आणि मग पुढचा सगळा वेळ ते खरं का खोटं यावर भांडण्यात जातो. माझं म्हणणं असं की पहिला पेग कशामुळे घेतला ते कारण वीस वर्षांपूर्वीचं असेल, खरंही असेल, पण काल संध्याकाळी तो वाईन शॉपकडे का वळला याचं कारण कालच्या दिवसात सापडतं. कालचा दिवस म्हणजे त्याच्या डोक्यात काय चाललं होतं आणि तुम्हा दोघांच्यात काय चाललं होतं ते. आणि हात घालता येतो तो फक्त ह्या दुसऱ्या कारणालाच. ते कसं शोधायचं ते लिहितेय, मुख्यतः बायको, आई, भाऊ, मोठी झालेली मुलं यांच्यासाठी, पण स्वतः पिणारा वाचत असेल तर उलट बरंच.

आधी किती पितो ते बघा

"थोडीच घेतो हो, एक क्वार्टर फक्त." आता ह्या फक्तचा हिशोब करू. ३० मिली व्हिस्की किंवा रम म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, त्याला एक युनिट धरतात. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे सहा युनिट, ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त झालं की त्याला जड पिणं म्हणते. स्ट्राँग बिअरची मोठी ६५० मिलीची बाटली चार युनिटांच्या आसपास जाते, त्यामुळे "मी आता फक्त बिअरवर आलोय" यात फार खूश होण्यासारखं काही नाही.

किती यापेक्षाही काही प्रश्न जास्त सांगून जातात. सुरू केल्यावर थांबता येत नाही असं होतं का, ठरलेलं काम पिण्यामुळे राहतं का, सकाळी उठून आधी थोडी घ्यावी लागते का, रात्रीचं सकाळी आठवत नाही असं होतं का, प्यायल्याचा पश्चात्ताप होतो का, कुणाला लागलं बिगलं का. ह्याच धर्तीची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने केलीय, ४० पैकी ८ किंवा जास्त मार्क झाले की पिणं धोक्याच्या बाजूला चाललंय असं धरतात आणि २० किंवा जास्त झाले की अवलंबित्वाची तपासणी डॉक्टरांकडूनच करून घ्यायची.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते कारण ती नंतर सांगून उपयोग नाही. रोज पिणारा, सकाळी हात थरथरणारा, उतारा घेतल्याशिवाय ज्याचा दिवस सुरू होत नाही असा माणूस असेल तर त्याला घरात कोंडून एकदम दारू बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, तारीख वार कळत नाही. आपल्याकडे ह्याला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेतात आणि त्यात वेळ जातो. ही मेडिकल इमर्जन्सी आहे, यात माणूस दगावतो. डॉक्टर काही दिवसांच्या गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन देऊन हेच दिवस सुरक्षित काढून देतात. म्हणजे आधी डॉक्टर, मानसशास्त्र मग.

श्रावण नीट बघा

"मी श्रावण कडक पाळतो, मला कसलं व्यसन" हे वाक्य कुठल्या घरात ऐकलं नाही सांगा. श्रावण पाळला म्हणजे व्यसन नाही असं काही सिद्ध होत नाही, गटारीला महिन्याभराचा कोटा भरून घेणारा माणूस काय सिद्ध करतो ते दिसतंच. पण मला श्रावण फार कामाचा वाटतो, वेगळ्याच कारणासाठी. एरवी पिण्याखाली झाकलेलं जे असतं ते त्या महिन्यात उघडं पडतं. त्याला झोप लागत नाही का? सात वाजले की कुठे जावं कळत नाही असं होतं का? तुमच्याशी बोलायला विषयच नसतो का? छोट्या गोष्टीवरून अंगावर येतो का, का उलट गप्प होऊन मोबाईलमध्ये तोंड घालून बसतो? का मजेत असतो आणि फक्त मित्रांचा फोन आला की अस्वस्थ होतो? दारू त्याच्यासाठी कुठलं काम करत होती ते इथे कळतं.

श्रावण यायला अजून अवकाश असेल तर वहीत लिहा. स्वतःच्या वहीत, त्याला दाखवून पुरावा द्यायला नाही. दोनतीन आठवडे रोज चार गोष्टी: कधी प्यायला, कुणाबरोबर, त्याच्या आधीच्या दोनतीन तासांत काय झालं, आणि प्यायल्यावर त्याला काय मिळालं. शेवटचं लोक लिहितच नाहीत, फक्त नुकसान लिहितात. पण काहीतरी मिळतंय म्हणून तर पितोय ना. झोप मिळाली, बोलायचं धाडस आलं, रडता आलं, भांडण टळलं, चार लोकांत हसता आलं.

काय काय सापडतं

ताण हे कारण सगळे सांगतात आणि ते अर्धंच असतं. ताण सगळ्यांनाच असतो, ताण आल्यावर तो कुणाला सांगायचा ह्याची सवय मात्र आपल्याकडच्या पुरुषांना कुणी लावलेली नसते. लहानपणी रडला तर "मुलीसारखा काय रडतोस" आणि मोठेपणी धंदा बुडाला, पीक गेलं, कंपनीने काढलं तर घरी सांगायची लाज. मग जे सांगायचं ते टेबलावर बसल्यावर तिसऱ्या पेगला सांगतो आणि सकाळी विसरतो. ही लाज मला सगळ्यात मोठं कारण वाटते, आणि सगळ्यात कमी ओळखलं जाणारं. कारण ती दिसते वेगळीच, मिजास म्हणून दिसते, चिडखोरपणा म्हणून दिसते. प्यायल्याने तात्पुरती जाते आणि दुसऱ्या दिवशी कालच्या तमाशाची नवीन लाज वरून चढते, मग ती घालवायला परत.

झोपेचं असंच. दारूने झोप पटकन लागते हे खरं आहे, पण रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्यात ती तुटते, पहाटे तीनला टक्क जाग, छातीत धडधड. माणसाला वाटतं दारू कमी पडली. शिफ्ट ड्युटीवाले, ड्रायव्हर, पोलीस यांच्या घरी हे विशेष तपासा.

उदासीचं जरा गुंतागुंतीचं आहे. उदास आहे म्हणून पितो का पितो म्हणून उदास आहे, हे पीत असताना सांगता येत नाही, डॉक्टरलाही अवघड जातं. बऱ्याच जणांची उदासी पूर्ण बंद केल्यावर दोन ते चार आठवड्यांत बरीच ओसरते. ज्यांची ओसरत नाही, किंवा पिणं सुरू व्हायच्या आधीपासूनच होती, त्यांना डिप्रेशनचा वेगळा इलाज लागतो, नाहीतर ते कितीही वेळा सोडोत, परत जाणार. म्हणून जुन्या गोष्टी आठवा: लग्नाआधी कसा होता, कॉलेजात कसा होता, घरात कुणाला हा त्रास होता का. मात्र मरणाची भाषा करत असेल तर चार आठवडे वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर.

मग लाजाळूपणा, म्हणजे चार लोकांत गेलं की घाम फुटणारे, दोन पेग झाले की मोकळे. आणि रिकामपण, जे रिटायरमेंट, व्हीआरएस, मुलं परदेशी गेलेली घरं यात फार दिसतं. साठीनंतर वाढलेलं पिणं लोक मनावरच घेत नाहीत, "आता काय, घेऊ दे" म्हणतात, आणि त्या वयात बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतात आणि तोल जाऊन पडायचा धोका वेगळा.

वडील पीत होते म्हणून हा पितो का? जुळ्यांच्या अभ्यासांतून असं दिसतं की व्यसनाच्या धोक्यातला साधारण अर्धा वाटा आनुवंशिक असतो. उरलेला अर्धा परिस्थितीचा. म्हणजे नशिबात लिहिलंय असं नाही, पण ज्याच्या घरात दोन पिढ्या हे चालत आलंय त्याने "मी कंट्रोलमध्ये घेतो" हा प्रयोग स्वतःवर करू नये असं माझं स्पष्ट मत.

बायकांचं पिणं वेगळं लिहायला हवं, थोडक्यात सांगते. शहरात वाढतंय तसं लपवणंही वाढतंय, स्टीलच्या ग्लासात, दुपारी, एकटीने. पुरुष पितो तेव्हा घर त्याला दवाखान्यात नेतं, बाई पिते तेव्हा घर तिला माहेरी पाठवतं. लाज दुप्पट असते, म्हणून उपचारापर्यंत पोचायला उशीर होतो. आणि नवऱ्याने "कंपनी दे" म्हणून सुरू केलेलं असतं हेही बऱ्याचदा निघतं, तेव्हा आपण सोज्वळ आणि ती बिघडली असा आव नवऱ्याने आणू नये.

आता दोघांच्या मधलं

आधी सांगते, त्याच्या पिण्याला तुम्ही जबाबदार नाही. अल-अनॉन म्हणून पिणाऱ्यांच्या घरच्यांचा जो गट चालतो, तिथे पहिल्या दिवसापासून हेच सांगतात: हे मी लावलं नाही, मी हे आवरू शकत नाही, मी हे बरं करू शकत नाही. ग्लास त्याच्या हातात होता. पण जबाबदार नसणं आणि त्या चक्रात आपलीही एक जागा तयार झालेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मान्य केली की हातात काहीतरी येतं.

चक्र साधारण असं असतं. तो उशिरा येतो, ती दारातच सुरू होते, तो चिडून अजून घेतो किंवा गच्चीवर जाऊन बसतो, सकाळी त्याला पश्चात्ताप म्हणून तो गोड वागतो, ती रागावलेली म्हणून बोलत नाही, मग त्याला वाटतं चांगलं वागूनही काय उपयोग, संध्याकाळी परत. नीट बघा, ह्यात तो शुद्धीत असताना घर थंड आहे आणि प्यायलेला असताना सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे आहे. कुणी मुद्दाम केलेलं नाही, सगळे थकलेले आहेत, पण झालंय असं.

दुसरी जागा सांभाळून घेण्याची. ऑफिसला फोन करून "ह्यांना ताप आहे" सांगणं, दुकानातली उधारी गुपचूप भागवणं, उलटी पुसणं, कपडे बदलून बेडवर टाकणं. सकाळी उठल्यावर त्याला काय दिसतं? काहीच नाही. स्वच्छ घर, स्वच्छ शर्ट. रात्री काय झालं ते त्याच्यासाठी घडलेलंच नसतं आणि वरून बायको उगाच तोंड फुगवून बसलीय. आईचं तर अजून कठीण, सून बोलते म्हणून आई मुलाची बाजू घेते, पेन्शनमधले पैसे काढून देते, "बाहेर मागण्यापेक्षा घरातलं बरं". एकत्र कुटुंबात सासू-सुनेचं जुनं राजकारण दारूच्या प्रश्नात घुसतं आणि पिणारा मस्त मधून निसटतो. त्याच्याशी बोलायच्या आधी ह्या दोन बायकांनी एकत्र बसून पैशाबाबत आणि खोटं बोलण्याबाबत एकच नियम ठरवणं, माझ्या मते अर्धी लढाई तिथे आहे.

संशय हाही घ्या. बरीच वर्षं पिणाऱ्यांमध्ये बायकोवर संशय घेण्याचा विकार दिसतो, फोन तपासणं, दूधवाल्यावरून भांडण. दारूने पुरुषाची लैंगिक ताकद कमी होते, तो स्वतःला कमी समजायला लागतो आणि ते कमीपण बायकोच्या चारित्र्यावर फेकतो, असंही त्यात असतं. याला स्पष्टीकरणं देऊन उपयोग होत नाही, दहा वेळा शपथ घेतलीत तरी अकराव्या वेळी विचारणारच. हे सायकिॲट्रिस्टला आवर्जून सांगायचं, लाजून लपवायचं नाही, कारण ह्यातून मारहाण आणि त्याहून वाईट होतं.

दोघंही पितात अशा घरांचं काय? अमेरिकेत बफेलोला ६३४ जोडप्यांवर लग्नापासून नऊ वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांच्यात एकच जण जास्त पीत होता त्यांच्यातली जवळपास निम्मी मोडली, बाकीच्यांत प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास, आणि दोघंही जास्त पिणारी जोडपी त्या बाकीच्यांत होती. याचा अर्थ दोघांनी प्या असा नाही हो, तिथे लिव्हर आणि मुलं वेगळी किंमत मोजतात. अर्थ एवढाच की पिण्यातली तफावत नात्याला खाते, आणि जिथे दोघं पितात तिथे एकाने सोडायचं ठरवलं की नात्यातच गडबड सुरू होते, संध्याकाळी दोघांनी एकत्र करायचं ते हेच एक होतं ना.

आणि "लग्न लावून द्या, जबाबदारी आली की सुधारेल". ह्यावर मला राग येतो म्हणून एकच वाक्य, दुसऱ्याच्या मुलीला औषध म्हणून आणू नका.

बोलायचं कसं

प्यायलेला असताना नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळेच मोडतात कारण राग तेव्हाच येतो. पण दारू चढली की मेंदूला समोरचं तेवढंच दिसतं, पुढचामागचा विचार जातो, म्हणून तुमचा चढलेला आवाज त्याला ऐकू येतो, मुद्दा येत नाही. सकाळी चहाच्या वेळी, किंवा सुट्टीच्या दिवशी, किंवा एखादी घटना घडून तो स्वतः हादरलेला असताना, म्हणजे गाडी घसरली, रिपोर्ट खराब आला, मुलगी बोलायची बंद झाली, तेव्हा. छोटं बोला, एकच घटना, स्वतःला काय वाटलं ते आणि पुढचं एकच मागणं.

"तुम्ही असंच करता, तुमचं खानदानच तसलं" याच्याऐवजी असं काहीतरी: "अहो, परवा रात्री तुम्ही ताटावरून उठलात आणि छोटी आत जाऊन दार लावून बसली. मला भीती वाटली. तुम्ही नसता घेत त्या दिवशी तिच्याशी किती छान खेळता. आपण शनिवारी डॉक्टरांकडे एकदा फक्त बोलून येऊ, मी बरोबर येते." तो म्हणेल मला काही झालेलं नाही. तेव्हा वाद घालायचा नाही, "बरं, मला झोप लागत नाही, मी माझ्यासाठी जाणारे, तुम्ही सोबत चला" हेही चालतं, यात खोटं काही नाही, तुम्हाला खरंच लागत नसते. भाऊ असेल तर जरा मोकळं बोलता येतं, "दादा, मी तुला शिकवत नाही, पण परवा तू गाडी चालवून आलास तेव्हा मी गेटपाशी उभा होतो" इतकं पुरतं.

हे फक्त गोड बोलण्याचं शास्त्र नाही. क्राफ्ट नावाची पद्धत आहे, त्यात पिणाऱ्याला नाही, घरच्यांनाच ट्रेनिंग देतात: प्यायलेला नसताना जवळ जा, प्यायलेला असताना शांतपणे बाजूला व्हा, त्याच्या पिण्याचे परिणाम त्याचे त्याला भोगू द्या, आणि योग्य क्षणी उपचाराचं विचारा. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ह्या पद्धतीने ६४ टक्के घरांतली उपचार नाकारणारी माणसं उपचाराला तयार झाली, सगळ्यांनी मिळून त्याला घेरायचं आणि जाब विचारायचा त्या पद्धतीत ३० टक्के, आणि घरच्यांना फक्त अल-अनॉनच्या वाटेने नेण्यात १३ टक्के. शेवटच्या आकड्याने अल-अनॉनला नावं ठेवू नका, त्याचा हेतू मुळात घरच्यांचं मन सांभाळण्याचा आहे, माणसाला उपचाराला नेण्याचा नाही.

परिणाम भोगू द्या म्हणजे काय ते मात्र नीट समजून घ्या. सोफ्यावर झोपला तर सोफ्यावर राहू द्या, बेडपर्यंत ओढू नका. ऑफिसचा फोन त्यालाच घेऊ द्या. पण हलवून उठत नसेल, श्वास संथ किंवा घरघर करत असेल, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. गाडीची किल्लीही काढून घ्यायची, तिथे परिणाम दुसऱ्या कुणाच्या मुलाला भोगावा लागतो.

हे करू नका

न सांगता दारू सोडवा, अशा पावडरी आणि थेंब. भिंतीभिंतीवर जाहिराती असतात. आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, आणि त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल तर ते पोटात असताना तो प्यायला की चेहरा लाल, छाती धडधड, बीपी खाली, जिवावर बेतू शकतं. हे औषध खरंच वापरतात, पण त्याला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून. भाजीत कालवून नाही. शिवाय कधीतरी ते कळतंच, आणि मग तो तुमच्या हातचं जेवायला घाबरतो, संशय होताच, आता त्याला पुरावा.

मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडते तेव्हा पोराला वाटतं बाबांनी मला मरायला सोडलं. माळ घालून खरोखर सुटलेले लोक आहेत, नाकारत नाही, पण तिथे नुसती माळ नसते, रोजचं भजन, वारी, नवीन मित्रमंडळ असतं, संध्याकाळची रिकामी जागा भरलेली असते. जोरजबरदस्तीने माळ घातली तर ती खुंटीला लागते.

आणि रात्री गाडी आणून उचलून नेणारी "केंद्रं". २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसन येतं, त्यामुळे मर्जीविरुद्ध भरती करायला ठरलेली पद्धत आहे, साखळीने बांधायला तर बंदीच आहे. केंद्र बघायला गेलात की विचारा: सायकिॲट्रिस्ट किती वेळा येतात, पहिल्या आठवड्यात रात्री डॉक्टर असतो का, घरच्यांना भेटू देतात का, घरच्यांसाठी काही सेशन आहे का. उत्तरं द्यायला कुरकुर केली तर तिथून निघा.

मारहाण असेल तर वरचं सगळं बाजूला

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ज्यांचे नवरे वारंवार झिंगून येतात अशा बायकांपैकी ७० टक्के बायकांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं, नवरा पीतच नाही त्यांच्यात हे २३ टक्के. हा २३ चा आकडाही विसरू नका, म्हणजे मारणं दारूशिवायही असतं, दारू सुटली की हात उचलणं आपोआप थांबेल असं गृहीत धरून बसू नका. हिंसा असलेल्या घरात चक्र समजून घ्या, गोड बोला, हे सल्ले लागू नाहीत. कागदपत्रं, थोडे पैसे, मुलांचे कपडे एका पिशवीत शेजारी किंवा बहिणीकडे ठेवा, ११२ किंवा महिलांसाठी १८१, आणि २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा घरात राहण्याचा हक्कही देतो, घराबाहेर जावंच लागेल असं नाही. "सोडून गेलीस तर जीव देईन" म्हणाला तर ते नाटक आहे का खरं हे तुम्ही ठरवायचं नाही, त्याच्या घरच्यांना आणि डॉक्टरला कळवा, पण त्या धमकीसाठी मार खात राहू नका.

मदत कुठली

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काहीतरी उपचार मिळतो. म्हणजे रांगेत तुम्ही एकटे नाही, रांगच नाहीये. सुरुवात साधी करा: जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, किंवा टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर मराठीत बोला, व्यसनासाठी सरकारी हेल्पलाईन १४४४६. आज ओढ कमी करणारी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, पण लिव्हर-किडनी बघून डॉक्टरनेच द्यायची. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे आणि तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी नावाचा वेगळा गट आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस म्हणून दारू सोडू बघणाऱ्यांचा स्वतःचा गट आहे, त्याच्या मीटिंगा मराठीतही होतात, फी नसते, नाव सांगावं लागत नाही.

ज्याचं पिणं अजून व्यसनापर्यंत गेलेलं नाही पण नुकसान करायला लागलंय त्याला ॲडमिट करायची गरजही नसते बऱ्याचदा. गोव्यात दहा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून बघितलं, डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी पुरुषांशी एक ते चार वेळा नीट बोलायचं, बस्स. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या बाहेर आले, नेहमीच्या उपचारात २६ टक्के. जादू नाही, पण चार गप्पांत एवढं होतं म्हटल्यावर "तो ऐकणाऱ्यातला नाही" म्हणून सोडून देऊ नये.

सुटल्यावर

याची तयारी कुणी करत नाही. सोडून महिना झाला की सगळ्यांना वाटतं बायको आनंदी असेल, आणि ती नेमकी तेव्हा भांडायला लागते. पंधरा वर्षं गिळलेला राग तो शुद्धीत आल्यावरच बाहेर येणार ना, आधी बोलून काय उपयोग होता. त्याला वाटतं एवढं सोडलं तरी हिचं समाधान नाही. दोघांनाही हे होणार हे आधी सांगून ठेवलं तर निम्मी भांडणं टळतात. दुसरं म्हणजे घर चालवायचा ताबा. इतकी वर्षं एटीएम कार्ड, मुलांची शाळा, भाऊबंदकीचे निर्णय सगळं तिने घेतलं, आता तो म्हणतो मी आहे ना. लगेच सगळं देऊ नका आणि काहीच न देताही बसू नका. दर महिन्याला एक जबाबदारी परत करा, लाईट बिल, मग शाळेची मीटिंग, मग बँक. मोबाईल तपासणं, तोंडाचा वास घेणं यापेक्षा रोज सकाळी दोन मिनिटं, तो म्हणणार आज नाही घेणार, ती म्हणणार बरं, आणि कालचा विषय त्या दिवशी उकरायचा नाही. जोडप्यांच्या उपचारात असा रोजचा करार करूनच घेतात.

परत पिण्याच्या प्रसंगांचा जो जुना अभ्यास आहे त्यात साधारण तीन चतुर्थांश प्रसंग तीनच गोष्टींतून आले होते: वाईट मूड, कुणाशी तरी भांडण, आणि मित्रांचा आग्रह. म्हणून हळद, वरात, ३१ डिसेंबर, गावची जत्रा ह्यांचं आधी ठरवून ठेवा. किती वाजता जायचं, हातात कसला ग्लास असेल, "अरे एक तरी घे" म्हणणाऱ्या मेव्हण्याला काय सांगायचं, आणि निघायचं कसं. "गोळ्या चालू आहेत" हे उत्तर सगळ्यात पटकन चालतं.

आणि तरीही एक दिवस घसरला तर त्या रात्री काही बोलू नका. तो सकाळी स्वतःच म्हणेल की संपलं सगळं, आता काय, आणि धोका त्या वाक्यात आहे, कालच्या क्वार्टरपेक्षा जास्त, कारण त्यातूनच पुढचे पंधरा दिवस जातात. चहा द्या आणि एवढंच विचारा: काल प्यायच्या आधी काय झालं होतं? उत्तर वहीत जाऊ दे. डॉक्टरांची किंवा मीटिंगची वेळ त्या आठवड्यात ठरलेली असेल तर लाजून रद्द करू नका, आणि ठरलेली नसेल तर त्याच सकाळी फोन लावा.